दिव्यांगसेवेचा व्यवसाय आणि नोंदणीचा प्रश्न

एकत्र कुटुंबात ज्या काळी पंधरा-वीस पाने एका पंक्तीस वाढली जात, त्या काळी घरातील एखादे मूल बुद्धीने मागे राहिले, अथवा एखाद्याच्या पायांत चालण्याचे बळ आले नाही, तर त्याचा भार कोणा एकावर पडत नसे. आजी त्याला भरवी, काकू न्हाऊ घाली, आणि भावंडे त्याला खेळात लिंबूटिंबू म्हणून घेत. त्या व्यवस्थेत माया होती, परंतु शिक्षण नव्हते. सांभाळ होता, परंतु उपचार नव्हते. आणि त्या सांभाळाचा बहुतेक भाग घरातील स्त्रियांनी मुकाट्याने सोसलेला होता, हेही विसरता कामा नये. आता पंगत लहान झाली आहे. घरातील कर्ती माणसे सकाळी कामावर जातात ती दिवेलागणीस परततात. जे पूर्वी घरात आपोआप मिळे ते आता बाहेरून, मोबदला देऊन, घ्यावे लागते. दिवसभर सांभाळणारी केंद्रे, विशेष शिक्षणाचे वर्ग, वाणीवरील उपचार, घरी येणारे मदतनीस, चाकाची खुर्ची चढवता येईल असे वाहन, अशा अनेक गोष्टींची गरज आज शहरांतच नव्हे, तर तालुक्याच्या गावांतही भासू लागली आहे. सन २०११ च्या जनगणनेत भारतातील दिव्यांगांची संख्या २ कोटी ६८ लाख आणि महाराष्ट्रातील २९ लाखांहून अधिक नोंदली गेली. त्यानंतर झालेल्या कायद्याने दिव्यांगत्वाचे एकवीस प्रकार मानले. तेव्हा खरी संख्या याहून मोठी असणार हे उघड आहे.

गरज असली की ती भागवणारेही पुढे येतात, आणि ह्या कामात पुढे येणारे पुष्कळदा व्यापारी वृत्तीचे लोक नसतात. स्वतःचे मूल वाढवताना जे शिकायला मिळाले ते दुसऱ्याच्या मुलास देऊ इच्छिणाऱ्या माता, निवृत्त शिक्षिका, परिचारिका, अशी ही मंडळी असतात. काम सुरू होते ते ओसरीवर किंवा माडीवरच्या खोलीत. चार मुलांची आठ होतात, फी घेतली जाऊ लागते, मदतीस एक बाई ठेवली जाते. आणि मग एके दिवशी प्रश्न उभा राहतो, की ह्या कामाची रीतसर नोंदणी करावी किंवा कसे?

आमच्या परिचयाच्या एका कुटुंबात हा प्रश्न अलीकडेच निघाला. धाकट्या सुनेने विशेष शिक्षणाची पदविका घेतली होती. थोरल्या दिरांच्या मुलास बौद्धिक अक्षमता. त्याच्याबरोबर शेजारची दोन मुले तिच्याकडे बसू लागली, आणि दोन वर्षांत ती संख्या अकरावर गेली. घरात विचार सुरू झाला तेव्हा वडीलधारे म्हणाले, "आपल्याच घरात चार लेकरे शिकतात, त्यास सरकारी शिक्का कशाला? पुण्याच्या कामाला दाखला लागत नाही." हिशेबनीस असलेले थोरले दीर म्हणाले, "नोंद झाली की तपासनीस दाराशी आलाच. आज कोणी विचारीत नाही, तोवर चालू द्यावे." सून बराच वेळ गप्प होती. मग ती एवढेच म्हणाली, "अण्णा, उद्या एखाद्या मुलाला इथे आकडी आली आणि काही बरेवाईट झाले, तर त्याच्या आईला मी काय दाखवू?" ह्या प्रश्नास त्या दिवशी कोणी उत्तर दिले नाही. आमच्या मते सर्व वादाचे मर्म त्या एका प्रश्नात आहे. परंतु तेथवर जाण्यापूर्वी थोडा शब्दार्थ स्पष्ट केला पाहिजे.

'नोंदणी' हा एकच शब्द लोक तीन निरनिराळ्या गोष्टींस लावतात, आणि निम्मा घोटाळा तेथेच होतो. पहिली नोंदणी मालकीच्या रूपाची, दुसरी सेवेची, तिसरी सेवा देणाऱ्या व्यक्तीची. पहिलीत निवडीस पुष्कळ वाव आहे. दुसरी व तिसरी ह्या मात्र बव्हंशी निवडीच्या गोष्टी नव्हेत.

प्रथम मालकीचे रूप पाहू. एकट्याने काम करावयाचे असेल तर स्वतःच्या नावावर व्यवसाय करता येतो. त्यास निराळी कंपनी काढावी लागत नाही. दुकाने व आस्थापनांच्या कायद्याखाली नोकरांच्या संख्येप्रमाणे सूचना अथवा नोंदणी करावी लागते, आणि लघुउद्योग म्हणून १ जुलै २०२० पासून सुरू झालेली 'उद्यम' नोंदणी विनामूल्य होते. हे रूप सोपे खरे, परंतु त्यात व्यवसायाचे देणे ते मालकाचे देणे. आणि मालकाबरोबर व्यवसायही संपतो. दोघीतिघींनी मिळून भागीदारी केली आणि ती नोंदवली नाही, तर १९३२ च्या भागीदारी कायद्याप्रमाणे त्या पेढीस कराराचा हक्क बजावण्यासाठी न्यायालयात दावा लावता येत नाही. म्हणजे नोंद न करण्याची मोकळीक आहे, पण तिची किंमतही आहे. नफा वाटून घ्यावयाचा नसून काम लोकांच्या देणग्यांवर चालवावयाचे असेल, तर विश्वस्त संस्था, किंवा निदान सात व्यक्तींनी मिळून १८६० च्या कायद्याखाली स्थापलेली संस्था, किंवा २०१३ च्या कंपनी कायद्याच्या आठव्या कलमाखालील कंपनी, असे मार्ग आहेत. महाराष्ट्रात धर्मादाय हेतूने स्थापलेली अशी संस्था सार्वजनिक न्यासाच्या १९५० च्या कायद्याखालीही येते. मग दरसाल हिशेबतपासणी होते, आणि विश्वस्त बदलले की धर्मादाय कार्यालयास फेरफार कळवावा लागतो.

येथे एकत्र कुटुंबांस एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. उत्साहाच्या भरात राहता वाडा न्यासाच्या नावे करून टाकू नये. न्यासाची स्थावर मिळकत धर्मादाय आयुक्तांच्या परवानगीवाचून विकता येत नाही. आणि वडिलोपार्जित घर असेल तर त्यात भावांचा, बहिणींचा, पुतण्यांचा हिस्सा असतो. ज्यांचा हिस्सा आहे त्या सर्वांची लेखी संमती घ्यावी, आणि जागा कराराने, ठरलेल्या मुदतीसाठी द्यावी. भाडे घ्यावयाचे असल्यास ते कागदावर उघड असावे. सेवेच्या कामात भाऊबंदकी शिरली म्हणजे तिचे पहिले बळी त्या केंद्रातली मुले होतात.

आता दुसऱ्या नोंदणीकडे वळू. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा १९ एप्रिल २०१७ पासून अंमलात आला. त्यात 'संस्था' ह्या शब्दाची व्याख्या फार व्यापक आहे. दिव्यांगांना ठेवून घेणे, त्यांची काळजी, संरक्षण, शिक्षण, प्रशिक्षण, पुनर्वसन वा त्यांच्यासाठी इतर काही काम करणारी संस्था तीत येते. कलम ५० स्पष्ट सांगते, की नोंदणीच्या प्रमाणपत्रावाचून कोणाही व्यक्तीने अशी संस्था स्थापू नये वा चालवू नये. ते काम धर्मार्थ आहे की फी घेऊन चाललेले आहे, असा भेद त्या कलमात नाही. 'आम्ही तर व्यवसाय करतो, हा कायदा धर्मादाय संस्थांसाठी' असे म्हणणारे, आणि 'आम्ही तर फुकट करतो, हा कायदा धंदेवाल्यांसाठी' असे म्हणणारे, दोघेही म्हणूनच चुकतात.

अर्ज राज्याने नेमलेल्या सक्षम अधिकाऱ्याकडे करावयाचा असतो. दिव्यांग कल्याणाचे आयुक्तालय आपल्या राज्यात पुण्यास आहे. चौकशी होऊन अट पुरी झाल्याचे दिसल्यास अर्ज पोचल्यापासून नव्वद दिवसांत प्रमाणपत्र द्यावे, आणि नाकारावयाचे असल्यास अर्जदारास आधी म्हणणे मांडण्याची संधी द्यावी, असे कायदा म्हणतो. प्रमाणपत्र संस्थेत ठळक जागी लावावे लागते. मुदत संपण्याच्या निदान साठ दिवस आधी नूतनीकरणाचा अर्ज करावा लागतो. अर्जात खोटी माहिती दिली किंवा अटी मोडल्या तर ते रद्द होऊ शकते, आणि तसे झाल्यास तेथे राहणाऱ्यांना पालकांकडे वा दुसऱ्या संस्थेत पोचवण्याचा आदेश निघू शकतो. रद्द करण्याविरुद्ध अपिलाची सोय आहे. कायदा मोडणाऱ्यास पहिल्या वेळी दहा हजार रुपयांपर्यंत, आणि पुन्हा मोडल्यास पन्नास हजारांपासून पाच लाखांपर्यंत दंड ८९ व्या कलमात सांगितला आहे. सरकारी आर्थिक साहाय्यही, ते मिळेल तेव्हा, नोंदलेल्या संस्थांसच मिळावयाचे.

मानसिक आजाराच्या रुग्णांस ठेवून घेणारी आस्थापना असेल, तर तिची नोंदणी मानसिक आरोग्यसेवेच्या २०१७ च्या कायद्याखाली होते. बुद्धीची वाढ अपुरी असणे हा त्या कायद्याने मानसिक आजार मानलेला नाही. हा भेद प्रारंभीच ध्यानात घेतला म्हणजे भलत्या दारी हेलपाटे पडत नाहीत.

आपल्या भाच्यास चार तास सांभाळणारी मावशी म्हणजे संस्था नव्हे, हे कोणीही कबूल करील. एखाद्या घरी जाऊन वृद्धाची चाकाची खुर्ची ढकलणारा मदतनीसही स्वतः संस्था होत नाही. परंतु जागा ठरली, वेळ ठरली, फी ठरली, परक्यांची मुले नेमाने येऊ लागली, आणि आईबाप त्यांना सोडून निघून जाऊ लागले, म्हणजे घराची संस्था झाली असे आम्ही समजतो. ज्यांना तरीही संशय असेल त्यांनी आयुक्तालयास लेखी विचारावे आणि लेखी उत्तर जपून ठेवावे. ओळखीच्या कारकुनाने तोंडी दिलेला दिलासा पुढे कोणाच्या उपयोगी पडत नाही.

तिसरी नोंदणी व्यक्तीची. भारतीय पुनर्वसन परिषदेच्या १९९२ च्या कायद्याप्रमाणे विशेष शिक्षकासारख्या पुनर्वसन व्यावसायिकाचे नाव केंद्रीय नोंदवहीत असावे लागते. पात्रता व नोंद नसताना असे काम करणाऱ्यास एक वर्षापर्यंत कैद, किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा सांगितल्या आहेत. म्हणून केंद्र काढणाऱ्याने आपल्याकडे येणाऱ्या शिक्षिकेचे वा उपचारतज्ज्ञाचे नोंदणीपत्र आधी स्वतः पाहावे. पालकांनीही ते मागावे. त्यात संकोच कसला? सराफाकडे आपण सोन्याची पारख मागतोच की.

येथवर कायदा झाला. परंतु केवळ दंडाच्या भीतीने जे केले जाते ते काम मनापासून होत नाही. म्हणून ह्या गोष्टीचे मूळ थोडे खोलवर पाहू. आपल्या धर्मशास्त्रकारांनी व्यवहाराची, म्हणजे न्यायालयात येणाऱ्या वादांची, अठरा पदे सांगितली. मनूच्या गणनेत त्यांतले पहिले ऋणाचे, आणि लगेच दुसरे निक्षेपाचे. निक्षेप म्हणजे विश्वासाने दुसऱ्याच्या स्वाधीन केलेली ठेव. ठेवीचेही शास्त्रकारांनी दोन प्रकार केले. पेटीत काय आहे हे न दाखवता, न मोजता, मोहोर करून दिलेली ठेव म्हणजे उपनिधी. आणि दाखवून, मोजून दिलेली ठेव म्हणजे निक्षेप. दोन्हींत विश्वास आहे. परंतु दुसऱ्या प्रकारात काय दिले आणि काय परत यावयास हवे हे दोन्ही पक्षांस ठाऊक असते.

परक्याचे मूल आपल्या दारी सोडले जाते तेव्हा ती ठेवच असते, आणि जगातील सर्वांत नाजूक ठेव असते. कारण ती स्वतः बोलू शकत नाही. दुधाचा भाव वाढवला तर गिऱ्हाईक तक्रार करते. शाळेत मार बसला तर साधारण मूल घरी येऊन सांगते. पण ज्याला वाणीच नाही, किंवा ज्याच्या सांगण्यावर कोणी विश्वास ठेवीत नाही, त्याची तक्रार कोण करणार? अशा ठिकाणी बाहेरचा डोळा लागतो. नोंदणी म्हणजे ठेव मोजून घेणे होय. किती मुले, कोणती, कोणाच्या देखरेखीखाली, कोणत्या जागेत, बाहेर पडण्याची वाट कोणती, हे तिऱ्हाइतासमक्ष सांगणे होय. नोंद नसलेले केंद्र उत्तम असू शकेल. पण ते मोहोरबंद पेटीसारखे आहे. आत काय आहे हे उघडल्यावरच कळते, आणि कधीकधी फार उशिरा कळते.

तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी असेच फार उशिरा कळले. मनोरुग्णांना ठेवून घेणाऱ्या तेथील एका खाजगी निवासाच्या गवती छपराला पहाटे आग लागली. आतील माणसे साखळदंडांनी बांधलेली होती. त्यांस पळता आले नाही, आणि पंचवीसहून अधिक जीव तेथेच गेले. तेथे अशी अनेक निवासे वर्षानुवर्षे परवान्यावाचून चालत होती. ती सर्वांना ठाऊक होती. ती कागदावर मात्र नव्हती. सर्वोच्च न्यायालयाने आपण होऊन त्या प्रकरणात लक्ष घातले आणि देशभर अशा नोंद नसलेल्या निवासांची पाहणी करण्यास सांगितले. पहाटे त्या साखळ्यांपर्यंत पोचणारा तपासनीस आदल्या वर्षी कोणी आला असता, तर त्याच्या येण्याचा त्रास कोणास झाला असता?

आता विरुद्ध बाजूही प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. प्रमाणपत्राने माया येत नाही. भिंतीवर चौकटीत लावलेल्या कागदाखालीही मुलांची हेळसांड झाल्याची उदाहरणे वर्तमानपत्रांत येतात. तपासणीस येणारा अधिकारी कधी संडासाची रुंदी मोजतो आणि मुलाच्या चेहऱ्याकडे पाहत नाही. उतरण, सुलभ स्वच्छतागृह, आगीपासून संरक्षण, प्रशिक्षित माणसे, ह्या सर्वांस पैसा लागतो. आणि तो नसल्यामुळे लहान गावातील एखादे चांगले काम बंद पडले, तर त्या गावातील मुले पुन्हा अंधाऱ्या खोलीत जातात. हे नुकसान खरे आहे, आणि नियम करणाऱ्यांनी त्याचा विचार करावयास हवा. परंतु त्यावरून नोंदणी टाळावी असा निष्कर्ष निघत नाही. कुवत कमी असेल तर काम तेवढ्याच मापाचे ठेवावे. मुलांस आपल्याकडे बोलावण्याऐवजी नोंदलेल्या शिक्षिकेने त्यांच्या घरी जाऊन शिकवावे. किंवा जवळच्या एखाद्या नोंदलेल्या संस्थेची शाखा म्हणून, तिच्या देखरेखीखाली आरंभ करावा.

परदेशात हा प्रश्न कसा सोडवतात हेही पाहण्याजोगे आहे. ऑस्ट्रेलियात २०१३ च्या कायद्याने राष्ट्रीय दिव्यांग विमा योजना सुरू झाली. तेथे सेवेचा पैसा संस्थेस नव्हे, तर दिव्यांग व्यक्तीच्या नावे मंजूर होतो. ज्याचा पैसा सरकारी यंत्रणा सांभाळते त्याने नोंदलेल्या सेवादात्याकडूनच सेवा घ्यावी. जो स्वतः किंवा नेमलेल्या व्यवस्थापकामार्फत पैसा सांभाळतो त्यास नोंद नसलेल्याकडूनही बऱ्याच सेवा घेता येतात. वर्तनाची आचारसंहिता मात्र दोघांसही सारखीच बांधते, आणि विशेष जोखमीच्या काही सेवा नोंदलेल्यांनीच द्यावयाच्या असतात. तेव्हा नोंदणी करावी की नाही, हा प्रश्न तेथे काही अंशी खरोखरच व्यवसायाच्या निवडीचा आहे. आपल्याकडील व्यवस्था तशी नाही. तिकडे असलेल्या मुलासुनांच्या सांगण्यावरून येथे 'नोंद ऐच्छिक असते' असे कोणी गृहीत धरू नये.

आणखी एक विचार राहिला. आणि तो आईबापांच्या मनात रात्री उशिरा येणारा आहे. आमच्या पश्चात काय? स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता व बहुविकलांगता असलेल्यांसाठी १९९९ च्या कायद्याने राष्ट्रीय न्यास स्थापन झाला. अठरा वर्षांवरील अशा व्यक्तीस कायदेशीर पालक नेमून देण्याचे काम जिल्ह्याची स्थानिक समिती करते, आणि त्या समितीवर नोंदलेल्या संस्थेचा प्रतिनिधी असतो. राष्ट्रीय न्यासाकडे नोंद होते ती दिव्यांगांच्या, त्यांच्या पालकांच्या अथवा स्वयंसेवी संस्थांची. एकट्या मालकाच्या व्यवसायाची नव्हे. म्हणून ज्यांच्या मनात पुढे निवासी घर काढावयाचे आहे, त्यांनी मालकीचे रूप आरंभीच विचारपूर्वक निवडावे. मुंबईत मिठू आलूर यांनी आपल्या कन्येच्या निमित्ताने १९७२ मध्ये सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी जे काम आरंभले, ते एका मातेच्या तळमळीतून निघाले. परंतु पन्नास वर्षांवर टिकले ते त्यास संस्थेचे रूप मिळाले म्हणून. तळमळ माणसाबरोबर जाते. संस्था मागे राहू शकते.

वर सांगितलेल्या कुटुंबाने अखेर काय केले? दिवाणखान्यात पुष्कळ चर्चा होऊन असे ठरले, की सात जणांची संस्था करावी, त्यांत निम्मे पालक असावेत. वाड्याचा खालचा भाग सर्व हिस्सेदारांच्या सहीने पाच वर्षांच्या कराराने द्यावा. आणि प्रमाणपत्र येईपर्यंत केंद्र न भरवता सुनेने मुलांच्या घरी जाऊन शिकवावे. ते चार-पाच महिने मिळकत घटली आणि थोरल्या दिरांनी कुरकुरही केली. परंतु हिशेब त्यांनीच लिहिला, आणि अर्जातले आकडेही त्यांनीच तपासले.

ज्यांस असे काम आरंभावयाचे असेल त्यांस आमची विनंती एवढीच, की दाखल्याची वाट पाहत असतानाच त्यांनी एक साधी वही घालावी. कोण मूल केव्हा आले, केव्हा गेले, कोणी नेले. कोणते औषध कोणी दिले. पडले, खरचटले, आकडी आली, तर किती वाजता आणि आईबापांस केव्हा कळवले. बाहेरचे कोण आत आले. ठेवलेल्या माणसांची पोलिसांकडून खातरजमा करून तो कागद त्या वहीस जोडावा. आणि ती वही कोणत्याही पालकास, कोणत्याही दिवशी, मागताक्षणी दाखवावी. जो ही वही उघडी ठेवू शकतो त्यास तपासनीसाचे भय वाटण्याचे कारण नाही. आणि जो ती दाखवण्यास कचरतो त्याच्या हाती आपले मूल देण्यापूर्वी पालकांनी दहा वेळा विचार करावा.